मदत हवी आहे: घारापुरीचे स्तूप आणि जुन्या बंदराच्या खुणा एका दिवसात पाहता येतील का?

नमस्कार.

येत्या हिवाळ्यात आई-वडिलांना घेऊन घारापुरीला जाण्याचा विचार आहे आणि त्यासाठी त्या बेटावर निवांतपणे फिरलेल्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. गेटवेहून लाँच सुटते, तासाभरात शेतबंदरच्या धक्क्याला लागते, सोमवारी लेणी बंद असतात, धक्क्यापासून वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, एवढी माहिती कोठेही मिळते. माझे प्रश्न त्यापुढचे आहेत.

वडील निवृत्त इतिहासशिक्षक आहेत. त्यांना सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती पाहायची आहेच, परंतु त्याहून अधिक ओढ त्यांना त्या बेटावर एके काळी नांदत्या असलेल्या बंदराची आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे (कर्नाटक) येथील शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून जिचा गौरव आहे आणि जिच्यावर त्याने शेकडो नौकांनिशी चाल केली, ती कोकणातल्या मौर्यांची पुरी म्हणजे हीच घारापुरी, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण तो मान जंजिऱ्याजवळच्या दंडा-राजपुरीला देतात. वडिलांचा कौल अर्थातच घारापुरीच्या बाजूने आहे, आणि कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी याच बेटावर सापडली हे ते आवर्जून सांगतात. त्यामुळे पूर्वेकडच्या टेकडीवरील विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि मोराबंदर व राजबंदर या बेटावरच्या गावांकडच्या खुणा पाहिल्याशिवाय ही भेट पुरी झाली असे त्यांना वाटणार नाही. शैव लेण्यांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या बेटावर त्याहून जुना बौद्ध स्तूप असावा आणि तेथवर क्वचितच कोणी जावे, याची मलाही खंत वाटते.

अडचण अशी की वडिलांचे गुडघे दुखतात. सावकाश चालले तर ते तास-दीड तास चालू शकतात, मात्र चढ-उतार वारंवार झाला की त्रास होतो. सहलीच्या गटाबरोबर गेल्यास मुख्य लेण्यापाशी जेमतेम तासभर मिळतो आणि लगेच परतीची घाई सुरू होते, असा आमच्या नातेवाइकांचा अनुभव आहे. म्हणून आम्ही स्वतंत्रपणे जाणार आहोत. पायऱ्यांसाठी डोलीची खुर्ची मिळते असे ऐकले आहे. ती फक्त पायऱ्या संपेपर्यंतच नेतात, की ठरवल्यास पुढे पूर्वेच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंतही नेतील? स्तूपापर्यंतची वाट बांधीव आहे की पायवाट? वडिलांना शिखरापर्यंत जाणे जमणार नसेल, तर सहाव्या क्रमांकाच्या लेण्यापर्यंत, म्हणजे ज्याला सीताबाईचे देऊळ म्हणतात तेथपर्यंत, नेता येईल का?

दुसरा प्रश्न उजेडाचा. मुख्य लेणे उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडे आहे आणि सदाशिव दक्षिणेच्या भिंतीत खोल कोनाड्यात आहे, त्यामुळे दिवसाच्या वेळेप्रमाणे तेथला उजेड बदलत असणार. डावीकडचे अघोर, म्हणजे उग्र, मुख, त्याच्या मिशा आणि हातातला नाग नीट दिसावा यासाठी सकाळ बरी की दुपार? दोन्ही वेळा तेथे थांबणे आम्हाला शक्य होणार नाही, कारण उरलेला वेळ स्तूपासाठी राखायचा आहे.

तिसरा प्रश्न आईसाठी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या मार्गावर प्रवासी बोटीला झालेल्या भीषण अपघातापासून तिच्या मनात लाँचची धास्ती बसली आहे, शिवाय तिला बोट लागते. तिला बळेच नेण्याची माझी इच्छा नाही. पण प्रत्यक्ष परिस्थिती समजली तर तिचा तिला निर्णय घेता येईल. कृपया अनुभव असल्यास सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

तुमच्या वडिलांची आस्था वाचून आनंद झाला. मी या बेटावर अनेकदा गेलो आहे, त्यामुळे जेवढे खात्रीने सांगता येईल तेवढे लिहितो.

आधी आईंविषयी. लाँचवर सर्वांनी लाईफ जॅकेट घालणे आता बंधनकारक आहे. ते त्यांना धक्क्यावरच नीट बांधून द्या आणि उतरेपर्यंत काढू देऊ नका. वरच्या डेकवर हवा चांगली लागते आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतात, परंतु बोट लागणाऱ्या माणसाने तेथे बसू नये, कारण बोटीचे हेलकावे वर अधिक जाणवतात. खालच्या डेकवर मधोमध बसावे, नजर दूर क्षितिजाकडे ठेवावी आणि उपाशीपोटी निघू नये. हिवाळ्यात सकाळी बंदरातले पाणी बहुधा शांत असते. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून परतीची शेवटची लाँच धरण्यापेक्षा त्याआधीची धरलेली बरी. माझ्या आईलाही असाच त्रास होतो आणि एवढी काळजी घेतल्यावर तिचा प्रवास सुखाचा झाला होता.

सकाळी नऊच्या सुमारास सुटणारी पहिली लाँच घ्या आणि शनिवार-रविवार कटाक्षाने टाळा. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी रेल्वे आहे; अंतर फार नाही, पण गुडघे पुढच्या वाटेसाठी राखायचे असतील तर तिच्यातूनच जावे. डोलीवाल्यांशी संपूर्ण फेरीचे आधीच स्पष्ट बोलून घ्या. पायऱ्यांच्या पुढे नेण्याचे ते त्या दिवशीच्या गर्दीवर आणि माणसाच्या वजनावर ठरवतात, म्हणून त्यावर अवलंबून बेत आखू नका.

उजेडाचे म्हणाल, तर सूर्यप्रकाश त्या कोनाड्यापर्यंत थेट पोहोचत नाही. तेथे येतो तो अंगणांतून परावर्तित झालेला मंद प्रकाश, आणि सकाळी तो पूर्वेकडून, म्हणजे मूर्तीसमोर उभे राहिल्यास आपल्या डाव्या हाताने येतो. अघोर मुखासाठी सकाळच योग्य. मात्र उन्हातून आत शिरताच मूर्तीसमोर जाऊ नका. आधी पश्चिमेकडच्या गर्भगृहापाशी थांबा, त्याच्या चार दारांवरचे द्वारपाल सावकाश पाहा आणि डोळे अंधाराला सरावले की मग सदाशिवासमोर उभे राहा. तोवर ओठांची कड, जटांमधली कवटी, उजवीकडच्या वामदेव या सौम्य मुखाच्या हातातले कमळ हे सारे आपोआप उलगडू लागते. मूर्तीच्या डाव्या-उजव्या बाजूंचे अर्धनारीश्वर आणि गंगाधर यांनाही वेळ द्यावा. अनेक जण मधली मूर्ती पाहून तसेच मागे फिरतात.

स्तूपाबाबत मात्र अपेक्षा आधीच स्पष्ट करून ठेवणे बरे. तेथे सांची किंवा नालासोपाऱ्यासारखे काही उभे नाही. गवताने झाकलेला उंचवटा आणि विटांचे अवशेष एवढेच दिसते, आणि वाट चढणीची असून शेवटच्या टप्प्यात पायवाट आहे. तुमच्या वडिलांनी पाचव्या लेण्यापर्यंत सपाटीवरून चालावे आणि पलीकडची टेकडी तेथूनच न्याहाळावी, असे मला वाटते. सहाव्या लेण्याचा निर्णय त्या दिवशी गुडघ्यांचा अंदाज घेऊन करा. वर तुम्ही एकट्याने जा, तेही गावातला माहीतगार माणूस बरोबर घेऊन. ज्यावरून बेटाला एलिफंटा म्हणतात तो दगडी हत्ती आता राजबंदरला नाही. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तो फुटला आणि पुढे जोडून भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा करण्यात आला. बंदराचा इतिहास शिकवलेल्या माणसाला तो वेगळ्या दिवशी दाखवता येईल, आणि तेथे पायऱ्यांचा प्रश्न नाही.

मूळ धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. आईला खालच्या डेकचे सांगितले. ती निदान गेटवेपर्यंत यायला तयार झाली आहे आणि त्या दिवशीचे पाणी पाहून ठरवीन म्हणाली. वडिलांनी पाचव्या लेण्याची मर्यादा मान्य केली आहे, पण स्तूपाच्या विटा जवळून पाहून त्यांची मापे लिहून आणण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे. स्मारकाला हात न लावता बाजूला मोजपट्टी धरून छायाचित्र घेण्यास पुरातत्त्व खात्याची हरकत असते का, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे.