पोरांना शेतीचं पर्यावरण शिकवायचं, पण कुणाच्या रानात?

माती_मास्तर

शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. गेल्या महिन्यात एक उद्योग केला आणि तो अंगाशी आला. म्हणून हा धागा.

दरवर्षी पोरं पेपरात लिहितात, ‘रासायनिक खतांच्या अतिवापरामुळे जमीन नापीक होते.’ दोन मार्क. तीच पोरं शनिवारी बापाबरोबर उसाला युरिया टाकायला जातात. दोन्हीत काही संबंध आहे हे त्यांच्या गावीच नसतं. शाळेपासून पंधरा मिनिटांवर क्षारपड रान आहे. बांधाला मीठ फुटलेलं, उसाचे बुडखे खुरटलेले. म्हटलं, पुस्तक ठेवा, चला. एका डब्यात तिथली माती घेतली, दुसऱ्यात वरच्या अंगाच्या चांगल्या रानातली. (एकाने पांढरा पापुद्रा जिभेला लावून बघितला. अडवेपर्यंत उशीर झाला होता.) वर्गात दोन्हीकडे वीस वीस हरभरे टोकले. आठ दिवसांनी चांगल्या मातीत अठरा उगवले, दुसऱ्या डब्यात चार. असली शांतता वर्गात मी परीक्षेतही बघितलेली नाही.

चूक इथे झाली. डब्यांवर पोरांनी चिठ्ठ्या लावल्या, त्यावर रानाच्या मालकाचं नाव. उगवण मोजल्यानंतर तिसऱ्या दिवशी पालक शाळेत. म्हणाले, “सर, जमीन तारण ठेवायचा विचार चाललाय, पोरीला स्थळं बघतोय, आणि तुम्ही माझं रान वर्गात मांडून ठेवलंय.” डबे उचलले, माफी मागितली. वरून सूचना आली की पुस्तकातलंच शिकवा.

नाव लावायला नको होतं, मान्य. पण मुळात हे शिकवायचंच नाही का?

---

ऊसवाला

सर, राग मानू नका, पण त्या पालकाचं बरोबर आहे. तुमचा पगार एक तारखेला होतो. आमचं रान म्हणजेच आमचा पगार, फंड आणि पेन्शन. ते ‘खराब’ म्हणून पोरांच्या तोंडी गेलं की गावभर झालं.

दुसरं, पर्यावरण शिकवायचं तर फक्त आमचंच का? पंचगंगेत कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात पाण्याला फेस असतो. 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा माणसं गेली. त्याच नदीचं पाणी आम्ही उचलतो. त्याची बाटली ठेवली होती का वर्गात?

आणि ऊस का लावतो तेही शिकवा. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरलेली असते, 14 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. उशीर होतो, आंदोलनं करावी लागतात, पण दर माहीत असतो. तुरीला, सोयाबीनला काय माहीत असतं? हमीभाव कागदावर. पोरगं घरी येऊन ‘बाबा, ऊस लावू नका, पाणी लागतं’ म्हणणार, आणि बापाने काय लावायचं ते पुस्तकात नाही.

---

पुणेकर_आई

माझा मुलगा सहावीत आहे. त्याच्या प्रकल्पवहीत लिहिलंय, ‘शेतकऱ्यांनी पाणी जपून वापरावे.’ मी त्याला विचारलं, तू काय जपून वापरावेस? त्यावर उत्तर नाही. म्हणून आम्ही दोघांनी बसून हिशोब मांडला.

उसाला सालाला 2000 मिलिमीटर पाणी धरलं तर एका एकराला साधारण 80 लाख लिटर. एकरी 40 टन ऊस आणि टनाला 105 किलो साखर धरली तर किलोभर साखरेमागे 1900 लिटर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे गेली, तिच्या दहा वाघिणींत 5 लाख लिटर होतं. म्हणजे एक एकर ऊस म्हणजे तशा सोळा गाड्या. मुलगा चहातल्या साखरेकडे बघत बसला.

हे शहरातल्या शाळांत शिकवा असं माझं म्हणणं आहे. खाणारेही आम्हीच आणि उपदेश करणारेही आम्हीच.

---

ऊसवाला

@पुणेकर_आई, हिशोब झकास, पण त्यात पाऊस धरलाय का? 2000 मधलं बरंच आभाळातून पडतं. आणि शिरोळला आमचा प्रश्न पाणी कमी पडायचा नाहीच, 2019 ला गावंच्या गावं पुरात होती. लातूरचं गणित इथे लावू नका.

---

पुणेकर_आई

पाऊस सुटला खरा. वहीत दुरुस्त करायला सांगते. (तो म्हणणार, मग आता किती गाड्या?)

---

कृषी_सहायक_माजी

थोडं तांत्रिक. मास्तर, तुमचा प्रयोग चांगला, पण पोरांनी त्यातून ‘खताने जमीन गेली’ असं काढलं असेल तर ते अर्धवट आहे. क्षारपडीचं मोठं कारण पाणी. काळी भारी जमीन, निचरा कमी, वर्षानुवर्षं पाटाने मोकाट पाणी. पाणीपातळी वर येते, ऊन्हाने पाणी उडून जातं, क्षार वरच राहतात. तेच बांधावर फुटलेलं मीठ. खताचे क्षार त्यात भर घालतात, पण युरिया बंद करून हे रान दुरुस्त होणार नाही. पुस्तकात सगळं एका वाक्यात कोंबलेलं असतं ही खरी अडचण.

आणखी एक. हरभरा खाराला फार नाजूक. गहू लावला असता तर चाराऐवजी बरेच जास्त उगवले असते. पोरांना तेच विचारा, का? मग चर्चा रंगेल.

युरियाचा धडा वेगळा घ्या. गोणी 45 किलोची, त्यात नत्र (नायट्रोजन) 46 टक्के, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. त्यातलं निम्मं पिकाला लागलं तरी नशीब. बाकीचं हवेत उडतं नाहीतर पाण्याबरोबर खाली जातं. हे ऐकून कुठलाही बाप चिडणार नाही, कारण त्यात त्याचेच पैसे आहेत. माझा अनुभव असा की शेतकऱ्याशी पर्यावरण बोललं की तो जांभई देतो, गोणी बोललं की खुर्ची पुढे ओढतो.

राहिला निचऱ्याचा प्रश्न. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून क्षार धुऊन काढता येतात, तुमच्या भागात कामं झाली आहेत. पण पाणी शेवटी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला काढावं लागतं. शेजारी नाही म्हणाला की पाइप गोदामात. म्हणून एकाच्या रानाकडे बोट दाखवणं शास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. तो आजार त्या एका रानाचा नाही, सगळ्या शिवाराचा आहे.

---

निवृत्त_बाई

मी थोडं कडवट लिहिणार आहे. एकतीस वर्षं शिकवलं. न्यायालयाने सांगितलं म्हणून पर्यावरण शिक्षण सक्तीचं झालं, त्याचं काय झालं? दुकानातून तयार प्रकल्प, पुठ्ठ्यावर थर्माकोलची झाडं. थर्माकोलची! मध्यंतरी शाळेत शेती विषय आणायची घोषणा झाली तेव्हाही मला तेच दिसलं. वीस मार्क, एक जर्नल, एक सही. त्यापेक्षा नसलेला बरा.

जमलंय ते हातात कुदळ दिली तिथेच. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली गेली. पुढे 1983 ला डॉ. कलबागांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं वेल्डिंगही करतात आणि रोपवाटिकाही. किती शाळांत ते पोहोचलं? मास्तरांसारखा एखादा वेडा असतो तोवर चालतं, बदली झाली की डबे अडगळीत.

---

पांढरं_सोनं_यवतमाळ

बाई, नसलेला बरा म्हणू नका जी. आमच्याकडे 2017 ला फवारणीत वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. कापूस डोक्याएवढा वाढलेला, पंपाचा फवारा तोंडावर येणारा, मजूर उघड्या अंगानं. डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. माझ्या चुलत्याला तो त्रिकोण म्हणजे कंपनीचा शिक्का वाटत होता. पन्नास वर्षांचा माणूस.

आता माझी सातवीतली पुतणी दुकानात त्याच्यासंगं जाते आन् आधी त्रिकोण पाहते. हे तिला कोण्या पुस्तकानं नाही, एका मास्तरनं शिकवलं, रिकामा डबा दुरून दाखवून. आमच्या घरात कोणाची इज्जत गेली नाही.

---

ऊसवाला

भाऊ, तुमचं पटलं. विषाचा त्रिकोण शिकवाच. पण फरक बघा, डबा कंपनीचा असतो, रान माझं असतं.

आणि एक सांगतो. फवारणीचं बिल, चष्मा, हातमोजे, सगळं शेवटी बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर का? दुकानदाराने सांगायला नको? घरातलं शहाणं पोर एकटं किती सांभाळणार?

---

बटाटा_नेदरलँड्स

इकडची एक बाजू. 2019 मध्ये इथल्या कोर्टाने नायट्रोजनचे नियम कडक धरले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगच्या रस्त्यांवर आले. माझ्या मुलीच्या वर्गात दोन गोठेवाल्यांची मुलं होती. शेणमुतातून उडणारा नायट्रोजनयुक्त आमोनिया, गाईंची संख्या, सगळं शिकवलं गेलं, आणि ती दोघं काही दिवस गप्प झाली. शिक्षिकेने मग त्यांच्याच गोठ्यावर सहल नेली, बोलायला त्यांच्या वडिलांना उभं केलं. वाद मिटला नाही. पण वर्गात कुणी कुणाला ‘प्रदूषण करणारा’ म्हटल्याचं नंतर ऐकलं नाही.

---

निवृत्त_बाई

हे मात्र शिकण्यासारखं आहे. मास्तर, तुम्ही रान बघायला गेलात तेव्हा मालक तिथे होता का?

---

माती_मास्तर

नव्हता. विचारलंही नव्हतं. रस्त्याकडेचं रान म्हणून थांबलो, इतकंच. बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

सहायकसाहेब, खरं आहे, पोरांनी वहीत ‘खताने’ असंच लिहिलंय, आणि मी तपासून बरोबरची खूण केली आहे. ते आधी सुधारतो. गहू-हरभरा पुढच्या आठवड्यात लावतो, माती शाळेच्या परसबागेतली, मीठ दुकानातलं. त्याला तरी कुणी हरकत घेऊ नये.

पण बाहेर जाणं सोडायचं नाही असं मला अजूनही वाटतं. नावाऐवजी डब्यांवर रानाचे गट नंबर (सातबाऱ्यावरचे) लिहिले तर?

---

ऊसवाला

सर, तुम्ही बाहेरगावचे का? गट नंबर इथल्या शेंबड्या पोराला पाठ असतो.

असं करा. माझी साडेतीन एकर आहे, त्यातली खालची वीस गुंठे गेलेली आहेत. चार वर्षं मी ते कुणाला बोललो नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय. ती माती घ्या, नाव लिहा, मी स्वतः वर्गात येऊन सांगतो किती पाणी पाजलं ते. दोन अटी. शेजारी नदीच्या पाण्याची बाटली ठेवायची, फेसासकट. आणि माझ्या खालच्या रानवाल्याची पोरगी तुमच्याच वर्गात आहे, तिच्या बापाला पण बोलवायचं. पाइप त्याच्या बांधावर अडलाय.

---

निवृत्त_बाई

तो येणार नाही. पण बोलवा.