भिशीचे 30 हजार आणि ब्लॅकजॅक: हरलं की दुप्पट लावायची पद्धत खरी का?

उद्यमबागचा_टर्नर

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे, घर पिरनवाडीला. शॉपमधली आमची 12 जणांची भिशी, महिना अडीच हजार. ह्या खेपेला माझा नंबर लागला आणि 30,000 हातात आले. पुढच्या शनिवारी आम्ही चौघं चोर्ला घाटाने पणजीला जाऊलालोय. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर एक रात्र काढायची आणि सकाळी परत.

मी आजवर गणपतीत तीनपत्ती आणि लग्नघरात रमी खेळलोय. ब्लॅकजॅक फक्त मोबाईलवर, तेही खोट्या पैशाचं. निपाणीचा मेहुणा बरोबर आहे, त्याच्याकडे म्हणे खात्रीची पद्धत आहे. 500 लाव. हरलास तर 1,000, परत हरलास तर 2,000. कधीतरी जिंकशीलच की, मग मागचं सगळं वसूल आणि वर 500 नफा. कागदावर मांडून बघितलं, चूक सापडत नाही, खरं मनाला पटत नाही. दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो, त्यामुळे 'कधीतरी' ह्या शब्दाचा मला राग आहे. ह्यातलं कळणाऱ्या कोणीतरी सांगा, पद्धत बरोबर का? आणि 30,000 पैकी किती न्यावेत?

हिंडलगा_रायडर

चालते की पद्धत. मागच्या डिसेंबरात मी हेच केलं, दोन तासांत साडेतीन हजार सुटले. जेवण फुकट, गाणीबजावणी फुकट. जास्त विचार करूलास तू, जाऊन ये.

निवृत्त_कॅशियर_खानापूर

टर्नरबाबा, मी 34 वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. आता वर्षातून एकदा, दिवाळी उरकली की, पणजीला जातो आणि ब्लॅकजॅकच खेळतो. तुझ्या मेहुण्याचा हिशेब बरोबर आहे. घोळ तुझ्या खिशात आहे.

500, 1,000, 2,000, 4,000, 8,000. पाच हात ओळीने हरलास की 15,500 गेले. सहावा हात 16,000 चा, आणि तुझ्याकडे उरलेत 14,500. म्हणजे 'कधीतरी' यायच्या आत पैसे संपले. खिसा मोठा असता तरी टेबलावर जास्तीत जास्त लावायची मर्यादा लिहिलेली असते, तिथे गाडी अडतेच. पाच हात ओळीने हरणं काही नवल नाही. बरोबरीचे हात सोडले तर शंभरात साधारण 53 हात आपण हरतो. त्या हिशेबाने दर 24 सुरुवातींत एकदा हा प्रसंग येणार. 23 वेळा पाचपाचशे मिळवलेस, झाले 11,500. चोविसाव्या वेळी 15,500 गेले. रायडरला साडेतीन हजार मिळाले ते खोटं नाही, त्याची चोविसावी खेप अजून यायची आहे एवढंच.

आता खेळाचं. 21 च्या वर न जाता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त बेरीज करायची. चित्र 10 चं, एक्का 1 किंवा 11 चा. डीलरला स्वतःचं डोकं वापरायची मुभा नसते. 16 पर्यंत त्याने पान ओढायलाच पाहिजे आणि 17 झाले की थांबायलाच पाहिजे. मग तो जिंकतो कसा? आधी पान तू ओढतोस म्हणून. तू 21 च्या वर गेलास, म्हणजे बस्ट झालास, की तुझ्या चिप्स (पैशाऐवजी लावायच्या चकत्या) तिथल्या तिथे उचलल्या जातात. नंतर डीलरही बस्ट झाला तरी तुझे परत येत नाहीत. कॅसिनोचं सगळं पोट ह्या एका गोष्टीवर चालतं. बाकीचे नियम ती धार थोडी बोथट करायला.

त्यामुळे स्वतःच्या पानांइतकंच डीलरच्या उघड्या पानाकडे बघ. त्याच्याकडे चौकी, पंजी किंवा छक्की असेल तर तो अडचणीत आहे. छक्कीवर तो शंभरात सुमारे 42 वेळा बस्ट होतो. अशा वेळी तुझे 12 ते 16 कितीही असोत, हात आखडून बस. दुर्री-तिर्रीपुढेही 13 पासून वर थांबायचं, फक्त 12 असतील तर एक पान घ्यायचं. खरं त्याच्याकडे सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, चित्र किंवा एक्का असेल तर 17 होईपर्यंत ओढायचं. इथेच लोक कच खातात. 16 वर ओढायचं म्हणजे 13 पैकी 8 प्रकारची पानं तुला बुडवणार, हात थरथरतोच. खरं सत्तीवर डीलर शंभरात 26 वेळाच बस्ट होतो. थांबलास तर उरलेल्या 74 वेळा तुझे 16 मेलेलेच आहेत. ओढल्यावरही जास्ती वेळा हरशील, फक्त तेवढा नाही.

एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी आली की फोडायची, म्हणजे दोन वेगळे हात करायचे. चित्रांची जोडी म्हणजे 20, तिला हात लावायचा नाही. पंजीची जोडी फोडू नको, ते 10 आहेत असं समज. 11 वर दुप्पट लावायचं, डीलरचा एक्का उघडा असेल तेवढं सोडून. 10 वर, त्याचं पान नव्वीपर्यंत असेल तर. आणि एक्का-छक्कीला 17 समजून थांबू नको, त्या हाताला एका पानाने बस्ट होताच येत नाही. रमीवाले इथे हमखास चुकतात, त्यांना एक्का म्हणजे एक्काच वाटतो.

डीलरला एक्का आला की तो विचारेल, इन्शुरन्स घेणार का? म्हणजे त्याचं दुसरं पान दहाचं निघेल ह्यावर वेगळे पैसे लावायचे. नाही म्हण. 13 पैकी 4 प्रकारची पानं दहाची, म्हणजे शंभरात 31 वेळा हा विमा लागतो. एकाला दोन मिळतात तर 33 वेळा तरी लागायला हवा. (माझ्या नोकरीत शेवटची काही वर्षं आम्हाला खातेदारांच्या गळ्यात विमा मारायला लावायचे. तेव्हापासून हा शब्द कानावर आला की मी हिशेब करतो.)

बसण्याआधी टेबलावर छापलेलं वाच. पहिल्या दोन पानांत 21 आले तर दोनाला तीन देतात की पाचाला सहा? 500 वर 750 आणि 600 असा फरक आहे. असा हात 21 हातांत एकदा येतो. रात्रभरात 200 हात धर, म्हणजे नुसत्या त्या एका ओळीपायी तेरा-चौदाशे रुपये जातात. पाचाला सहावाल्या टेबलावरून ऊठ.

एवढं सगळं पाठ केलंस तर दोनाला तीनवाल्या टेबलावर कॅसिनोचा फायदा शंभराला आठ आण्यांवर येतो. अंदाजाने खेळणारा शंभराला दोन-दोन रुपये सहज देतो. आता असली गोष्ट ऐक. चिप्स विकत घेताना जीएसटी आहे. ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. तू जिंकतोस की हरतोस ह्याच्याशी त्याचा संबंध नाही, चिप्ससाठी दिलेल्या पैशावर तो लागतो. जिंकलेल्या चिप्स परत लावल्यास पुन्हा लागत नाही. म्हणजे आठ आणे वाचवायला आपण महिनाभर तक्ता घोकतो आणि चिप्स संपल्या की तरातरा काउंटरवर जाऊन पुन्हा कर भरतो. माझा नियम एकच, काउंटरवर चिप्स घ्यायला एकदाच जायचं. दुसऱ्यांदा जायचं ते चिप्स मोडून पैसे घ्यायला, नाहीतर नाहीच. पैसे देण्याआधी विचार, एवढ्यात मोडता येणाऱ्या चिप्स किती मिळणार? पॅकेजात एकदाच खेळायच्या चिप्स देतात, त्या मोडून मिळत नाहीत. त्या आधी संपव.

किती न्यायचे ते सांगतो, खरं आधी तू सांग. भिशीत तुझा कितवा नंबर?

उद्यमबागचा_टर्नर

काका, तिसरा.

निवृत्त_कॅशियर_खानापूर

मग अजून नऊ हप्ते द्यायचे आहेत. 22,500. ते तुझे नव्हेत, उरलेल्या नऊ जणांचे आहेत. तुझे स्वतःचे 7,500, म्हणजे तू आजवर भरलेले तीन हप्ते. त्यातून पेट्रोलचा वाटा आणि आत शिरायचे पैसे काढ, मग चिप्सचं बोल.

500 च्या टेबलावर शंभर हात नीट खेळलास तरी पाच-सहा हजार इकडे किंवा तिकडे होणं ही रोजची गोष्ट आहे. त्याला नशीब-बिशीब म्हणायचं नाही, पत्ते असेच पडतात. चार हजारांच्या चिप्स घेऊन त्या टेबलावर बसलास तर अर्ध्या तासात उठायची तयारी ठेव. कमीत कमी रकमेचं टेबल शोध. नाही मिळालं तर थोडे हात खेळ आणि जास्ती वेळ मागे उभा राहून बघ. बघायला पैसे पडत नाहीत. आणि तुमच्यातला कोणी 21 च्या आतला असेल तर त्याला आत्ताच घरी बसवा, दारातून परत पाठवतात.

वडगावची_वहिनी

मला पत्त्यातलं काही कळत नाही, मोबाईलमधलं कळतं. आमच्या ह्यांचे चार माग आहेत. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गेले, जाताना मोजून दहा हजार नेले. रात्री दोन वाजता फोन, सुताचे पैसे तुझ्या खात्यात आहेत ते पाठव, उद्या दुपारी परत करतो. मी फोन कट केला. तीन दिवस घरात अबोला होता, खरं सूत आलं.

आता जायच्या आदल्या दिवशी मी बँकेच्या ॲपमधून त्यांची रोजची मर्यादा हजारावर आणते, कार्ड माझ्या कपाटात. काकांनी काउंटरवर एकदाच जायचं म्हटलंय, ते जमायला खिशात दुसरी वाट असता कामा नये. आणि कोण गाडी चालवणार ते इथूनच ठरवून निघा. फुकटची पिऊन पहाटे चोर्ल्याच्या धुक्यात वळणं घेणारे बघितलेत मी.

नेहरूनगर_हॉस्टेल

काका, पानं लक्षात ठेवून मोजायची पद्धत असते ना? आणि सरावाला मोबाईलवर खऱ्या पैशाचं खेळलं तर?

निवृत्त_कॅशियर_खानापूर

असते. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने 1962 साली पुस्तकात ती मांडली आणि ती खरी आहे. खरं खेळलेली पानं लगेच परत पिसणाऱ्या मशीनपुढे तिचा उपयोग शून्य. शिवाय पत्त्यांचे सहा-आठ जोड एकत्र, शेजारी गाणं, समोर ग्लास. 34 वर्षं नोटा मोजून मला ते जमलं नाही, तुझं तू बघ. मोबाईलवर खऱ्या पैशाच्या खेळांना 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. सरावाला घरचा पत्त्यांचा जोड पुरतो. आजीला डीलर कर, तिला 17 ला थांब म्हणून सांगितलंस की झालं.

उद्यमबागचा_टर्नर

जाऊन आलो. उशिरा लिहितोय, आठवडाभर रात्रपाळी होती.

22,500 चं पाकीट आईकडे ठेवून गेलो. काउंटरवर एकदाच गेलो. छोट्या रकमेचं टेबल भरलेलं होतं, तासभर मागे उभा राहिलो, मग जागा मिळाली. काकांचा तक्ता जॉबकार्डच्या मागे लिहून नेला होता, तो काढून बघायचो, कोणी काही बोललं नाही. पहिल्या दहा मिनिटांतच एक्का-छक्कीवर थांबलो. रमीवाला शेवटी. अडीच तास खेळून उठलो तेव्हा 900 कमी होते. जेवण बरं होतं.

एकदा माझे 16, डीलरची सत्ती. ओढलं, पंजी आली, 21. पुढच्या हाताला परत 16, समोर परत सत्ती, ओढलं, राजा आला, बस्ट. त्या वेळी डीलरला नंतर पंजी आली आणि त्याचे 21 झाले. शेजारी बसलेला इसम माझ्यावर खवळला. तू थांबला असतास तर तो राजा डीलरला गेला असता आणि तो बस्ट झाला असता, त्याला वाचवलास, सगळ्यांचे घालवलेस म्हणाला. मी गप्प बसलो. काका, माझ्या पानाने खरंच दुसऱ्याचं नुकसान होतं का?

मेहुण्याचं सांगतो. साडेबारापर्यंत तो चार हजार वर होता, सगळ्यांना पाठीवर थापा. मग ओळीने पाच हात गेले. माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, 16,000 दे, हा हात लागणारच आहे. पाकीट घरी आहे म्हटलं. त्याचा विश्वास बसेना, माझे खिसे चाचपले. पुढचा हात तो नुसता बघत उभा होता, आणि तो हात डीलर हरला. तेव्हापासून मेहुणा माझ्याशी बोलला नाही. कणकुंबी गेली तरी गप्प. जांबोटीला चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाला, "बघितलंस? लागला असता."

निवृत्त_कॅशियर_खानापूर

तुझ्या शेजाऱ्याला सांग, तू ओढलेल्या पानाने डीलर जितक्या वेळा वाचतो तितक्याच वेळा बुडतो. पहिल्या हाताला तू पंजी उचललीस तेव्हा त्याने तुझे आभार मानले होते का?

मेहुण्याला उत्तर देऊ नको. तो हात लागला असता हे खरंच आहे. 900 मध्ये पेट्रोल धरलंस की नाही?

उद्यमबागचा_टर्नर

नाही धरलं.

निवृत्त_कॅशियर_खानापूर

धर. आत शिरायचे पैसेही धर. मग आकडा लिही.