न्यायमंदिरात पार्किंग? अजिबात नाही

दांडियाबाजारकर:
काल इथे एकाने आपल्या बडोद्याच्या न्यायमंदिराबद्दल लिहिलं, "न्यायमंदिर नुसता कबुतरखाना झालंय, घुमट फोटोपुरते ठेवा नि आत पार्किंग करा." रात्रभर डोक्यातून जाईना. आर्किटेक्ट चिझमसाहेबाने ते मंडईसाठी बांधायला घेतलं, १८९६ ला पुरं झालं, आणि सयाजीराव महाराजांनी ते कोर्टाला दिलं, नाव दिलं ऐन तरुणपणी गेलेल्या आपल्या पहिल्या राणीचं, चिमणाबाईंचं. मधल्या हॉलमध्ये त्यांचा पुतळा आहे. त्याच्याभोवती स्कूटरी लावायच्या?

रावपुऱ्याची सून:
काका, तिथल्या शेजारच्या मंगळबाजारात पिशव्या घेऊन गाडी शोधलीत कधी? दिवाळीत माझी ॲक्टिव्हा उचलून नेली, सासूबाई गुडघे धरून दोन तास एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. घुमट बघून गुडघे थांबत नाहीत.

वाडीतला:
आधी लारीवाले, म्हणजे हातगाडीवाले, हटवा, निम्मा रस्ता त्यांनीच खाल्लाय.

मांडवीचा भाचा:
लारीवाल्यांवर का घसरलात? माझा मामा तिथेच चपला विकायचा, त्या लारीवर आम्ही तीन भावंडं शिकलो. रस्ता खातात त्या चारचाकी, दुकानासमोर दिवसभर उभ्या!

वाडीतला:
तुमच्या मामाबद्दल कोण बोललं? आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरली नव्हती, वडिलांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. ते मी विसरू?

मांडवीचा भाचा:
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. तरी लारीवाल्यांना जागा आखून द्या, हाकलू नका. एवढंच.

दांडियाबाजारकर:
अरे विषय न्यायमंदिराचा होता! माझे बाबा तिथे कारकून. मे महिन्यात शाळेला सुट्टी, मी डबा घेऊन जायचो, बाहेर डांबर चपलेला चिकटायचं आणि आत शिरलो की घाम वाळायचा, इतकं उंच छत. वापर बदलायला माझी ना नाहीच. खंडेराव मार्केटात महापालिका बसते ना? सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशीवरून आजही माणसं पुस्तकं काढतात. वापरात आहेत म्हणून टिकल्यात. इथेही वाचनालय करा, शहराचं संग्रहालय करा, पण मधला हॉल फोडून रॅम्प घालायचा नाही. पार्किंग लांब करा, तिथून ई-रिक्षा सोडा.

रावपुऱ्याची सून:
आधी रिक्षा सुरू करून दाखवा, मग बोलू. हॉलमध्ये मात्र गाड्या नकोत, तेवढं मान्य. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, तो पुतळा मी पाहिलेला नाही. सासूबाईंना घेऊन रविवारी येईन, पण दार उघडं असेल का?