प्रथिनाची ‘घडी’ म्हणावी का?

प्रश्न
बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, पेशीपटलातील ग्राही प्रथिनांचा, म्हणजे बाहेरचे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचा, आकार संगणकाने कसा वर्तवतात, यावर मी टिपण लिहीत आहे. अमिनो आम्लांच्या साखळीने वळून आकार घेणे, म्हणजे ‘फोल्डिंग’, याला मी ‘घडी’ म्हटले. येथे सोलापुरात चादरीच्या कारखान्यात घड्या घालण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या वडिलांना ते पटले नाही. घडी घालणारा हात बाहेरचा असतो. साखळी आपणहून वळत असेल, तर ती घडी कशी, असे ते विचारतात. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर
ताई, वडिलांचा आक्षेप ‘घालणे’ या क्रियापदावर आहे. घडी घालतात, तशी ती बसतेही. संसाराची घडी बसते आणि विस्कटते. उष्णतेने प्रथिनाचीही विस्कटते. उलगडलेले रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन आपणहून मूळ आकारात येते, हे दाखवणाऱ्या अन्फिन्सेन यांना १९७२चे नोबेल मिळाले. घडी बसते, असेच लिहा.

उत्तर
वरचे उत्तर देणारे सर, सोलापूरकराला घडी म्हटले की सपाट चादरच दिसणार. या ग्राहींच्या एका मोठ्या कुळात साखळी मळसूत्रासारखी पीळ घेत पटलातून सात वेळा आरपार जाते. हा तर धावदोरा झाला. मी ‘वळण’ म्हणेन. शिवाय २००० साली गाईच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन या ग्राहीची रचना हाती आल्यावर २००७पर्यंत कुळातील इतर ग्राहींचे आकार त्याच साच्यावरून काढावे लागत. त्याला आपल्याकडे ‘बेतणे’ हा शिंप्याचा नेमका शब्द आहे.

उत्तर
मला ‘वर्तवणे’ अधिक खटकते. पाऊस वर्तवतात, कारण तो पडायचा असतो. प्रथिनाचा आकार तर आधीपासून आहेच. निरनिराळ्या जीवांतील त्याच प्रथिनाच्या साखळ्या शेजारी मांडल्या, की काही अमिनो आम्ले जोडीने बदललेली दिसतात, आणि त्यावरून ती एकमेकांजवळ असावीत असे ताडता येते. अल्फाफोल्ड हा प्रथिनांचे आकार काढणारा संगणकीय कार्यक्रमही अशा खुणांचा आधार घेतो. धुरावरून अग्नी ओळखणे ते हेच, म्हणून ‘अनुमान’.

उत्तर
रोगाचे निदानही असलेल्याच गोष्टीचे असते, तरी त्याला कोणी अनुमान म्हणत नाही. वाचकांना रुळलेला ‘अंदाज’ सोडून तर्कशास्त्रातला शब्द का आणावा?

प्रश्नकर्ती
‘अंदाज’ घेते. ‘घडी बसते’ हे वडिलांना वाचून दाखवले. औषध चिकटल्यावर ग्राहीचा आकार बदलतो, हे ऐकून त्यांनी विचारले, “मग बसली कुठे?”