लोहगड-विसापूरचे वणवे: तंबू बंद करायचे की गवत कापायचं?

माचीवरचा (धागाकर्ता)

दिवाळी सरली की पवना धरणाभोवतीच्या डोंगरांवरचं गवत पिवळं पडतं आणि शिमग्यापर्यंत काडी ओढायचा अवकाश, अशा अवस्थेला येतं. नेमकी तीच तंबूवाल्यांची सुगी. माझं म्हणणं सरळ आहे: फेब्रुवारीपासून पहिला पाऊस होईपर्यंत लोहगडवाडी, विसापूरचा पायथा आणि पवनेकडे उतरणारे सगळे उतार इथे मुक्कामी तंबू, शेकोटी आणि बार्बेक्यू बंद. दिवसा या, गड बघा, पिठलं-भाकरी खा, अंधाराच्या आत उतरा.

मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून २० हून अधिक ट्रेकर गेले. असाच गवताळ उतार, रविवारचा दिवस. आग चढावर पळते. उतार १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. विसापूरच्या उभ्या अंगावर मधोमध अडकलेल्या माणसाला किती वेळ मिळेल, बघा हिशोब करून. त्यात जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला. गर्दी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पवनाकाठ

साहेब, वणवा लागला की हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपायला कोण धावतं ते माहीत आहे का? लोणावळ्याहून बंब आला तरी तो डांबरी रस्त्यावरच उभा राहणार, डोंगरावर पाइप पोचत नाही. वनरक्षक एकटा, त्याच्याकडे सगळा बीट, म्हणजे त्याच्या वाटणीचं सगळं रान. धावतात ती आमची पोरं. आणि ती पोरं गावात आहेत कारण गावात तंबूचा धंदा आहे. बंद करा, उद्या सगळी चाकणला कंपनीत जातील. मग विझवायला तुम्ही या, रविवार बघून.

माझ्या जागेत तंबू लावायच्या आधी गवत मुळापासून काढतो, शेकोटी लोखंडी घमेल्यात, झोपायच्या आधी पाणी ओतून. सगळेच असं करत नाहीत हे मान्य. जो करत नाही त्याला बंद करा की.

रानवाट

दोघांचंही चुकतंय असं नाही, पण पर्यटकाच्या डोक्यावर सगळं खापर फोडणं सोयीचं आहे म्हणून फोडलं जातंय. डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, या समजुतीने मुद्दाम लावलेल्या आगी कमी नाहीत. तेही आपलेच लोक.

आणि समजूत अर्धवट आहे. जळल्यावर कोवळे कोंब लवकर फुटतात, एवढंच खरं. पण दरवर्षी जाळलेल्या माळावर कुसळी, म्हणजे टोचऱ्या कुसळांच्या गवताची जात, माजते. तिचं बी पिळदार कुसळाच्या जोरावर स्वतःला जमिनीत रोवून घेतं, त्यामुळे आग वरून निघून जाते आणि ते शाबूत राहतं. बाकीची रोपं मरतात. कुसळं धरली की जनावर त्या गवताला तोंड लावत नाही, टोचतात ती. म्हणजे चाऱ्यासाठी जाळायचं आणि चाराच घालवायचा. वर उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्यांवाटे पवनेच्या पाण्यात. पिंपरी-चिंचवडकरांनी यावर बोलायला हवं, नळाला तेच पाणी येतं.

खाचर

रानवाट ताई, कुसळीचं बरोबर बोललात. पण ‘आपलेच लोक’ म्हणताना राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजणाऱ्यालाही त्यात ओढू नका, पुढे कोणीतरी ओढणारच म्हणून आधीच सांगतो. राब आपल्या खाचरात असतो, कडेचं गवत काढून, वारा पडलेला बघून, माणूस उभा राहून भाजतात. डोंगराला काडी लावून पळणारा वेगळा.

खरी गोष्ट कोणी बोलत नाही. पूर्वी हे गवत डोंगरावर उभं राहतच नव्हतं. दसऱ्यानंतर कापणी व्हायची, भारे बांधून घरी यायचे, गंज्या रचल्या जायच्या, उरलेलं गुरं खायची. आता गुरं गेली. कापायला मजूर लावला तर मजुरी गवताच्या किमतीहून जास्त. आणि अर्धा उतार गुंठ्या-गुंठ्याने विकला गेलाय. तारेचं कुंपण, ‘खाजगी मालमत्ता’ची पाटी, मालक ठाण्यात नाहीतर दुबईत. आत माणसाच्या छातीएवढं गवत. आम्ही आत जाऊन कापलं तर चोरी, नाही कापलं तर वणवा आमच्या गोठ्यापर्यंत.

वनखात्याची हद्द तरी कळते. ह्या तुकड्यांना वाली नाही.

सॅन होजेकर

खाचर, तुमचा मुद्दा वाचून लाहायना आठवलं. हवाईतलं, डोंगराच्या पायथ्याचं, पर्यटकांनी भरलेलं गाव. ऑगस्ट २०२३ मध्ये ते जळालं, १०० च्या आसपास माणसं गेली. वरच्या उतारांवर एकेकाळी ऊस होता. मळे बंद पडले, जमीन पडीक राहिली आणि तिथे गिनी गवत माजलं (हो, आपल्याकडे चाऱ्याला लावतात तेच). वादळी वारा, विजेच्या तुटलेल्या तारा, झालं. तंबूचा काही संबंध नव्हता.

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे धोक्याच्या भागात घराभोवती १०० फुटांपर्यंत गवत-झुडपं आटोक्यात ठेवावीच लागतात, कायदाच आहे. पण हल्ली जास्त भर भिंतीलगतच्या पहिल्या ५ फुटांवर असतो. घरं बऱ्याचदा समोरून आलेल्या ज्वाळांनी पेटत नाहीत, वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. ठिणगीला पालापाचोळा, लाकडाचा ढीग, पायपुसणं काहीही चालतं.

पवनाकाठ

अमेरिकेचे दाखले इथे लागू नाहीत. तुमची घरं लाकडाची, आमची विटांची.

सॅन होजेकर

घरं विटांची. आणि रिसॉर्टवाल्यांनी ‘गावरान फील’ म्हणून गवताने शाकारलेली छपरं?

जुनाबीट

वनखात्यातून निवृत्त आहे, म्हणून थोडं कोरडं बोलतो.

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, जानेवारी संपायच्या आत झाली तरच उपयोग. गवत अर्धवट ओलं असताना पट्टा कापून कडेने जाळत न्यायचं. मार्चात जाळायला गेलात तर जाळरेषेचाच वणवा होतो. पायवाटांच्या दोन्ही बाजू आधी घ्याव्यात, कारण माणसाची ये-जा तिथे आणि विडी-सिगारेट तिथेच पडते. भाजे लेण्यांकडून वर येणारी वाट, गायमुख खिंड, विसापूरकडची वाट, ही पहिली.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या संदेशसेवेत कोणालाही नाव नोंदवता येतं, उपग्रहाला आग दिसली की मोबाइलवर कळतं. नोंदवा, पण त्यावर विसंबू नका. उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका ३७५ मीटरचा. वाळल्या गवतातली आग तोवर खिंड ओलांडून पलीकडे गेलेली असते. धूर दिसला की १९२६ लावा, ही वनखात्याची हेल्पलाइन. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अडचण इतकीच की लावताना कोणी सापडत नाही.

तंबूबंदीबद्दल: परवानगीवाला तंबू बंद केलात तर बिनपरवाना माणूस आणखी आत, झाडोऱ्यात जाऊन चूल पेटवतो. तो मला दिसत नाही, पवनाकाठ यांचा तंबू दिसतो.

माचीवरचा (धागाकर्ता)

जुनाबीट साहेबांच्या शेवटच्या वाक्याशी असहमत. बंदी असली की संध्याकाळी दिसणारा प्रत्येक दिवा संशयास्पद ठरतो. आज शेकड्याने तंबू असताना त्यातला चुकार कोण हे कोण शोधणार?

गवत कापायला माझा विरोध कधीच नव्हता. पण ते काम सामुदायिक आहे, शिवाय मालकी, मजुरी, नोटिसा यांत अडकलेलं. शेकोटी बंद करायला एक आदेश पुरतो. घमेल्यातली शेकोटी तर मला मुळीच पटत नाही. ठिणगी घमेल्याचा काठ बघून थांबत नाही, आणि तुमच्याकडे आलेला गट रात्री दोन वाजता काय करतो यावर तुमचं नियंत्रण किती, हे तुम्हीच सांगा.

खाचर

एक आदेश पुरतो तो कागदावर. मजुरीचं बोला. तंबूमागे ठरावीक रक्कम घ्या, ती संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या खात्यात जाऊ द्या, आणि त्यातून डिसेंबरात गवत कापा, मालकीच्या तुकड्यांमधलंही. कापलेलं गवत ज्याची गुरं असतील त्याने न्यावं. कुंपणवाल्या मालकाला ग्रामपंचायतीने पत्र द्यायचं: नोव्हेंबरअखेर स्वतः कापा, नाहीतर आम्ही आत येऊ. कोर्टात गेला तर जाऊ दे, निदान पत्ता तरी कळेल.

रानवाट

सरसकट सगळा डोंगर भादरू नका म्हणजे मिळवलं. चंडोल जमिनीवर घरटी करतात, त्यांना गवत लागतं. घरं, गोठे, तंबू आणि वाटा यांच्याभोवती पट्टे काढा, बाकीचं उभं राहू दे.

पवनाकाठ

तंबूमागे पैसे द्यायला तयार आहे, पण पावती पाहिजे आणि हिशोब देवळासमोरच्या फळ्यावर लागला पाहिजे. कुंपणवाल्यांच्या पत्राचा विषय पुढच्या ग्रामसभेत मीच मांडतो. धागाकर्त्यांनीही यावं. शेकोटीबंदी एप्रिल-मेपुरती म्हणालात तर ऐकून घेईन. मुक्कामाच्या बंदीचा विषय काढलात तर उभा राहून विरोध करणार, आत्ताच सांगून ठेवतो.