पंक ऐकून डोकं जास्त तापतं का?
राजारामपुरीच्या दादांनी विचारलंय, धाकटा रात्री पंक, म्हणजे वेगवान, कर्कश रॉक संगीत, लावून बसतो, त्यानं राग वाढेल का. वाढतोच असं नाही. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०१५च्या प्रयोगात असं संगीत नेहमी ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी राग आणला; मग काहींना १० मिनिटं आवडीची गाणी, काहींना शांतता. राग दोन्हीकडे उतरला. पण शांत बसलेल्यांची नाडी खाली आली, ऐकणाऱ्यांची चढीच राहिली. म्हणून झोपेच्या तासभर आधी बंद करायला लावा. तालमीतून आल्या आल्या कुणी झोपतं का? हेडफोनचा आवाज जपा, १०० डेसिबलला १५ मिनिटांतही कानाला इजा होऊ शकते.

आणि त्याला गाणीही नकोशी झाली, जेवण तुटलं, असं दोन आठवडे चाललं, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६वर चोवीस तास बोलता येतं, फुकट.