मदत हवी आहे: सूर्यघर योजनेतले पॅनल डीसीआर (म्हणजे भारतात बनलेल्या सोलर सेलचे) आहेत का, कसं तपासायचं?

कराडजवळ गावी आईच्या घरावर पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवतोय. वीजबिल, बँक खातं, आधार सगळीकडे नाव एकच आहे. अर्ज मंजूर झालाय, व्हेंडर (पॅनल बसवणारा) योजनेच्या पोर्टलवरच्या यादीतला, कर्ज घेतलेलं नाही. स्ट्रक्चर उभं राहिलंय, पॅनल अजून पडवीत टेकवून ठेवलेत.

कोटेशनमध्ये डीसीआर पॅनल लिहिलंय, पण मागच्या स्टिकरवर तसा उल्लेख नाही आणि दोन पॅनलवरचे सिरीयल नंबर खरवडल्यासारखे दिसतात. ७८,००० रुपयांची सबसिडी भारतीय बनावटीच्या सेलवरच आहे, म्हणजे गडबड निघाली तर अडकणार आईचा अर्ज. डीसीआरचं प्रमाणपत्र मागितलं तर व्हेंडर म्हणतो, "नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर) बसल्यावर देतो." वर त्यांचा माणूस आईला फोन करून म्हणतो, "काकू, ओटीपी सांगा, फोटो आणि नंबर आम्हीच भरतो." ओटीपी दिलेला नाही, राहिलेले पैसेही थांबवलेत.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: सिरीयल नंबरवरून डीसीआरची खात्री ग्राहकाला स्वतः कुठे करता येते? आणि या टप्प्यावर व्हेंडर बदलायचा झाला तर मंजूर अर्ज रद्द करून पुन्हा भरावा लागतो का?